पडद्याआधीचा आवाज

संगणकाचं बटण दाबलं, पंखा फिरायला लागला, पुढचा दिवा लागला आणि पडद्यावर काही येण्याऐवजी आतून बीप, बीप, बीप सुरू झालं, की बहुतेक घरांत आधी बटण दाबून धरून तो आवाज बंद केला जातो आणि मग जाहीर होतं, ‘कॉम्प्युटर गेला.’ थोडं थांबायला हवं. बीप वाजवणाऱ्या संगणकाला वीज मिळते आहे. त्याचा प्रोसेसर चालतो आहे. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला पहिला प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, वाचला जातो आहे. इतकंच काय, त्या प्रोग्रॅमने तपासणी करून एक दोष शोधूनही काढला आहे. तो दोष पडद्यावर लिहून दाखवायची सोय अजून झालेली नाही, म्हणून तो आवाजात सांगतो आहे. यंत्रातला बराच मोठा आणि महागडा भाग शाबूत असल्याची ही खूण आहे. खरी काळजी करावी ती पंखे फिरतात, दिवे लागतात आणि आवाज मात्र काहीच येत नाही तेव्हा.

ही पद्धत आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरपासून चालत आली आहे. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे घडवलेलं हे यंत्र १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालं. डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने त्याच्या बायोसचं काम केलं. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू करण्याची युक्तीही त्यांचीच. आयबीएमने त्या बायोसची ओळ न् ओळ आपल्या तांत्रिक पुस्तकात छापली होती, त्यामुळे यंत्र जागं होताना काय काय तपासतं आणि कोणत्या क्रमाने तपासतं हे कुणालाही वाचता आलं. त्यात प्रोसेसर सर्वांत आधी स्वतःलाच तपासतो. आपली अंतर्गत रजिस्टरं, म्हणजे आकडे धरून ठेवायचे छोटे कप्पे, ठीक आहेत का हे तो बघतो आणि ती ठीक नसतील तर जागच्या जागी थांबतो, एक शब्दही न बोलता. मग बायोसच्या चिपमधली माहिती जशीच्या तशी आहे का, हे बेरीज करून पाहिलं जातं. त्यानंतर वेळ मोजणारी चिप, मग मेमरीला ताजंतवानं ठेवणारी व्यवस्था आणि मग मेमरीचे पहिले १६ किलोबाइट. पडद्याची पाळी येते ती यानंतर. कीबोर्ड आणि डिस्क त्याच्याही मागे.

या क्रमाला पक्कं कारण आहे. बायोसला एका कामातून दुसऱ्या कामात जाऊन परत यायचं असतं आणि परत कुठे यायचं हे टिपून ठेवायला थोडी तरी मेमरी लागते. ती मिळेपर्यंत त्याला प्रोसेसरमधल्या मूठभर रजिस्टरांवर भागवावं लागतं. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर पडदा चालवणं कठीण, पण आवाज काढणं सोपं. वेळ मोजणाऱ्या चिपला एक आकडा द्यायचा, दोन बिट चालू करायचे, की एका ट्रान्झिस्टरमार्फत छोटासा स्पीकर वाजायला लागतो. म्हणून तक्रार सांगण्यासाठी बीप निवडला गेला. आजच्या यंत्रांत ‘बायोस’ची जागा यूईएफआय नावाच्या मोठ्या व्यवस्थेने घेतली आहे, आणि सुरुवातीला प्रोसेसर स्वतःमधल्या कॅशचाच मेमरीसारखा वापर करतो, तरी मूळ क्रम फारसा बदललेला नाही. प्रोसेसर, मेमरी, पडदा, मग बाकीचं. अनेक नव्या मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. त्यांचाही क्रम हाच. गाडी कोणत्या स्टेशनापर्यंत येऊन थांबली हे कळलं की पुढची सगळी स्टेशनं शोधत बसावी लागत नाहीत. बीपचं महत्त्व हेच आहे.

पण आधी एक खात्री करून घ्यावी. आवाज नक्की कॅबिनेटमधूनच येतो आहे ना? आपल्याकडे टेबलाखाली कॅबिनेटला खेटून यूपीएस ठेवलेला असतो. वीज गेली किंवा भिंतीतलं बटण बंद राहिलं की तो ठरावीक अंतराने बीप करतो, आणि बॅटरी संपत आली किंवा भार जास्त झाला की सलग. त्याच्या जुन्या बॅटरीत दम नसेल, तर संगणकाचं बटण दाबताक्षणी तो ओरडतो आणि संगणक सुरूच होत नाही. वाकून, कान जवळ नेऊन ऐकावं. शंका वाटली तर यूपीएस बाजूला ठेवून संगणक थोडा वेळ सरळ भिंतीतल्या सॉकेटवर लावून पाहावा.

आवाज कॅबिनेटचाच असेल तर तो फोनवर रेकॉर्ड करावा. मनात मोजलेले बीप पाच मिनिटांनी आठवत नाहीत, आणि लांब कोणता, आखूड कोणता, मध्ये थांबा किती होता याच गोष्टींवर अर्थ ठरतो. एक पूर्ण फेरी संपून तीच पुन्हा सुरू होईपर्यंत रेकॉर्डिंग चालू द्यावं.

आता अर्थाकडे वळू. इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, कारण बीपची एकच एक भाषा नाही. मूळ आयबीएमच्या यंत्रात एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक, आणि एक लांब व दोन आखूड म्हणजे पडद्याच्या कार्डाचा दोष. पुढे आयबीएमसारखी यंत्रं सगळ्या जगात बनू लागली आणि अमेरिकन मेगाट्रेंड्स, अवॉर्ड, फीनिक्स अशा कंपन्यांनी आपापले बायोस लिहिले. अमेरिकन मेगाट्रेंड्स, म्हणजे एएमआय, हिच्या जुन्या तक्त्यात दोष नुसत्या संख्येने सांगितले जातात: एक, दोन किंवा तीन बीप असतील तर संशय मेमरीवर, पाच असतील तर प्रोसेसरवर, आठ असतील तर पडद्याच्या मेमरीवर. म्हणजे आयबीएमच्या भाषेत ‘सगळं ठीक’ सांगणारा एकच बीप या तक्त्यात मेमरी ताजी ठेवण्याचं काम बिघडल्याचं सांगतो. अवॉर्डने पडद्यासाठी एक लांब आणि दोन आखूड हीच खूण ठेवली आणि लांब बीप पुन्हा पुन्हा वाजत राहिले तर ती रॅमची, म्हणजे मेमरीची, तक्रार मानली. आसुसच्या बऱ्याच मदरबोर्डांच्या पुस्तिकेत मात्र एक लांब आणि दोन आखूड म्हणजे मेमरी सापडली नाही, आणि पडद्यासाठी एक लांब व तीन आखूड. फीनिक्सची रीत आणखी वेगळी. तिथे एक, थांबा, तीन, थांबा, चार, थांबा, एक असे गट असतात आणि चारही आकडे बरोबर टिपले तरच उपयोग.

त्यामुळे ‘तीन बीप म्हणजे रॅम’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ते बहुतेक वेळा बरोबर निघेल, पण विश्वास ठेवावा तो आपल्याच मदरबोर्डच्या पुस्तिकेवर. मदरबोर्डच्या मध्यावर किंवा मेमरीच्या खाचांजवळ मोठ्या अक्षरांत मॉडेलचं नाव छापलेलं असतं. ते घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर गेलं की पुस्तिका फुकट मिळते. डेल, एचपी, लेनोवो यांची तयार यंत्रं असतील तर कॅबिनेटच्या मागे चिकटवलेला क्रमांक पुरतो. डेलचे बरेच डेस्कटॉप आता आवाजाऐवजी पॉवर बटणाचा दिवा पिवळा आणि पांढरा असा ठरावीक वेळा लुकलुकवून दोष सांगतात. एचपीच्या कित्येक यंत्रांत तांबडा दिवा आणि बीप जोडीने येतात.

बीपचा तक्ता कोणताही असो, घरातल्या आणि शाळेतल्या यंत्रांत सर्वांत जास्त वेळा दोषी ठरते ती रॅम. तिच्यापाशी जरा थांबायला हवं.

कोकणातल्या एखाद्या शाळेची संगणकाची खोली डोळ्यांसमोर आणा. परीक्षा संपल्यावर ती बंद होते आणि जूनच्या मध्यावर, पाऊस सुरू झाल्यावर, पुन्हा उघडते. मधल्या काळात एकही यंत्र गरम झालेलं नसतं. दमट, खारट हवा खिडकीच्या फटीतून येत राहिलेली असते आणि कॅबिनेटमधल्या धुळीने ती ओल धरून ठेवलेली असते. पहिल्या दिवशी बटणं दाबली की काही यंत्रं सुरू होतात आणि काही ओरडायला लागतात. यंत्रं मोडलेली नसतात. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी पट्टे असतात, डीडीआर-३ प्रकारात २४० आणि डीडीआर-४ मध्ये २८८. यांतल्या मोजक्या ठिकाणी जरी संपर्क नीट झाला नाही तरी बायोसला मेमरी वाचता येत नाही. सोन्याला गंज चढत नाही हे खरं, पण हा मुलामा मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून खालच्या निकेल-तांब्यापर्यंत ओल पोचते. वरून धुळीचा थर. त्यात आधी वर्षभर रोज गरम-थंड झाल्यामुळे पट्टी खाचेत केसभर सरकलेली असते.

उपाय साधा आहे, फक्त क्रम पाळावा. संगणक बंद करून भिंतीतली पिन काढायची. नुसतं संगणकाचं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण पिन लावलेली असेपर्यंत मदरबोर्डला ५ व्होल्टची वीज सतत मिळत असते. पिन काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं की उरलेली वीज निघून जाते. मग कॅबिनेट आडवं करून बाजूचा पत्रा काढायचा आणि आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला स्पर्श करायचा. कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आणि थंडीत, अंगावर साठलेली स्थितिक वीज आपल्याला जाणवतही नाही आणि चिप मात्र निकामी करून जाते.

रॅमच्या पट्टीच्या टोकांना असलेल्या खिट्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. तिला कडांनी धरावं. सोनेरी पट्टे पांढऱ्या मऊ खोडरबराने घासायची रीत आपल्याकडे दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात दिसते, आणि तिने संगणक सुरू होतातही. पण खोडरबर घासून घासून मुलामा पातळ होतो आणि त्याचे कण खाचेत पडले तर नवाच त्रास. माझं मत विचाराल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं, धागे न सुटणारं फडकं जास्त चांगलं. खोडरबर वापरायचाच तर हलक्या हाताने एक-दोनदा, आणि पट्टी खाचेपासून दूर नेऊन. पॉलिश पेपर कधीच नाही. खाचेत तोंडाने फुंकर मारणंही टाळावं, कारण त्या फुंकरीत ओलावा असतो. कोरडा ब्रश किंवा हवेचा ब्लोअर घ्यावा. बऱ्याचदा साफसफाईपेक्षा पट्टी काढून परत बसवणं हेच काम करतं, कारण त्या घसटीत संपर्काच्या जागेवरचा थर आपोआप खरवडला जातो.

परत बसवताना पट्टीवरची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळला पाहिजे. जुळत नसेल तर पट्टी उलटी धरली आहे किंवा ती त्या बोर्डासाठी नाहीच. डीडीआर-३ची पट्टी डीडीआर-४च्या स्लॉटमध्ये बसत नाही आणि जोर लावून बसवायचीही नसते. दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. खिटी खटकन लागल्याचा आवाज आला नाही तर पट्टी बसलेली नाही. कितीतरी ‘बिघडलेल्या’ यंत्रांत नवीन पट्टी एका टोकाला अर्धवट राहिलेली असते, एवढाच दोष असतो.

तरीही बीप चालूच राहिला तर पट्ट्या एकेक करून तपासायच्या. दोन पट्ट्या असतील तर एक बाहेर ठेवायची आणि दुसरी पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये लावून पाहायची. चार स्लॉट असलेल्या बोर्डांवर तो सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरा असतो. मग अदलाबदल. एक पट्टी कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नसेल तर पट्टी खराब. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडत असतील तर स्लॉट खराब, आणि दुसऱ्या स्लॉटवर यंत्र पुढची कितीतरी वर्षं चालू शकतं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

बीप पडद्याकडे बोट दाखवत असेल तर ग्राफिक कार्ड काढून नीट बसवावं आणि त्याला वरून वीज देणारी सहा किंवा आठ पिनांची वायर लागलेली आहे का ते पाहावं. मोठं कार्ड या वायरीशिवाय चालतच नाही. कार्ड काढून मदरबोर्डच्या मागच्या सॉकेटला मॉनिटर लावून पाहणं हीही चांगली परीक्षा, पण इथे एक अडचण आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर असतं, त्यांत चित्र दाखवण्याची सोयच नसते. अशा यंत्रातून कार्ड काढलं की ते तक्रार करणारच. तिथे दुसऱ्याचं चालू कार्ड उसनं घेऊन लावणं एवढाच मार्ग उरतो. कीबोर्डची तक्रार असेल तर तो उपटून पाहावा. त्यावर ठेवलेल्या वहीने एखादं बटण दाबलेलं असतं किंवा बटणाखाली काहीतरी अडकलेलं असतं.

यंत्र सुरू होऊन थोड्या वेळाने बीप यायला लागले, किंवा भोंग्यासारखा उंच-खाली आवाज येऊ लागला, तर प्रोसेसर तापल्याचा संशय घ्यावा आणि लगेच बंद करावं. प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का, त्याच्या खालच्या धातूच्या पात्यांत धुळीचा नमदा बसला आहे का, चारही टोकं घट्ट आहेत का, हे डोळ्यांना दिसतं. पंखा पात्यांसकट काढला तर प्रोसेसर आणि पात्यांमधली पेस्ट नव्याने लावावी लागते. त्याखालचा प्रोसेसर मात्र अनुभव नसताना उचलू नये. इंटेलच्या बोर्डांत शेकडो नाजूक पिना सॉकेटमध्येच उभ्या असतात आणि त्यांतली एखादी वाकली की पूर्ण बोर्ड बदलायची वेळ येते.

आता सगळ्यांत अवघड स्थिती: पंखे फिरतात, आवाज नाही, पडदा काळा. पहिला प्रश्न असा की या यंत्रात बीप वाजवायला काही आहे का? आताच्या पुष्कळ बोर्डांसोबत स्पीकर येतच नाही, बोर्डच्या कडेला स्पीकर असं लिहिलेल्या चार पिना तेवढ्या मोकळ्या असतात. तिथे लावायचा बटणाएवढा बझर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात किरकोळ किमतीत मिळतो, आणि घरी डेस्कटॉप असणाऱ्या प्रत्येकाने तो घेऊन ठेवावा असं मला मनापासून वाटतं. बझर लावल्यावर सगळ्या रॅम पट्ट्या काढून संगणक सुरू करावा. रॅमशिवाय तो चालणार नाही हे आपल्याला माहीत आहे. ऐकायचं असतं ते एवढंच, की तो तशी तक्रार करतो का. बीप आला तर प्रोसेसर, बायोस आणि बोर्डचा मुख्य भाग जिवंत आहे, आणि शोध रॅम किंवा पुढच्या भागांपुरता उरतो. रॅम नसूनही शांतता असेल तर संशय एसएमपीएस (वीज पुरवणारी पेटी), बोर्ड किंवा प्रोसेसर यांच्यावर येतो. ही एक परीक्षा महागडी तपासणी वाचवते. अपवाद एकच: डीडीआर-५ मेमरी असलेलं नवं यंत्र पहिल्यांदा चालू करताना मेमरीशी जुळवून घ्यायला काही मिनिटं घेऊ शकतं, तेव्हा काळा पडदा पाहून लगेच बटण बंद करू नये.

शांत राहणाऱ्या यंत्रात प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर जरूर पाहावी. ती सुटलेली असली तर पंखे फिरतात आणि प्रोसेसर मात्र उपाशी असतो. बोर्डवरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले किंवा तपकिरी डाग पाझरलेले असतील तर तो बोर्ड कारागिराकडेच न्यावा. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य बोर्डांचा अंत असाच झाला. एसएमपीएसची पेटी घरी उघडायची नाही. २३० व्होल्टच्या विजेचं तिथे सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत रूपांतर होतं आणि पिन काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहते. संशय असेल तर दुसरा एसएमपीएस लावून पाहावा. जळका वास आला असेल तर काहीच करून पाहू नये.

दुकानात न्यायची वेळ आली तर रेकॉर्ड केलेला बीप ऐकवावा, काय काय करून पाहिलं ते सांगावं, आणि एका वाक्यासाठी तयार राहावं: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ बीप वाजवून थांबणारं यंत्र अजून हार्ड डिस्कपर्यंत पोचलेलंच नसतं. विंडोज चांगलं आहे की बिघडलेलं, याच्याशी त्या बीपचा काही संबंध नाही आणि फॉरमॅट केल्याने तो थांबणारही नाही. मुलांचे फोटो, हिशेब, शाळेच्या गुणपत्रिका असं सगळं त्या डिस्कवर बहुधा जसंच्या तसं असतं. शक्य असेल तर दुरुस्तीला देण्याआधी डिस्क काढून घरीच ठेवावी; साध्या जोडणीच्या केबलने ती दुसऱ्या संगणकाला लावून माहिती काढून घेता येते. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच यंत्रांत डिस्कला कुलूप लावलेलं असतं आणि दुसऱ्या संगणकावर ती ४८ आकडी चावी मागते. ही चावी सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि फोनवरून त्या खात्यात जाऊनही ती पाहता येते.